कंपन्यांचा सीएसआर निधी आणि गावातील आर्थिक साक्षरतेचे वर्ग : वाचकांचे प्रश्न

बचतगटांतील महिला, शेतमजूर, छोटे विक्रेते अशा लोकांना पैशांचे व्यवहार समजावून सांगणाऱ्या संस्थांना कंपन्यांकडून त्यांच्या सीएसआर निधीतून, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चातून, अनुदान मिळू लागले आहे आणि त्याबरोबर अनेक शंकाही निर्माण झाल्या आहेत. या विषयावर आलेली काही पत्रे या वेळच्या सदरात एकत्र घेतली आहेत. पत्रे संक्षेपाने दिली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमचा न्यास बचतगटांच्या महिलांसोबत बरीच वर्षे काम करतो. जवळच्या एमआयडीसीतील एका कंपनीने आर्थिक साक्षरतेच्या कार्यक्रमाला अनुदान देण्याची तयारी दाखवली आहे. परंतु हा विषय सीएसआरमध्ये बसतो की नाही, याबद्दल कंपनीचे अधिकारी साशंक आहेत. शिवाय ‘प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, त्यामुळे प्रशिक्षिकांचे मानधन अंदाजपत्रकात धरू नका’, असे ते सांगतात. मानधन न देता वर्ग कसे चालवायचे?
— एका न्यासाच्या सचिव, जि. सोलापूर

उत्तर : पहिली शंका लवकर मिटण्यासारखी आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता 500 कोटी रुपये किंवा अधिक, अथवा उलाढाल 1,000 कोटी किंवा अधिक, अथवा निव्वळ नफा 5 कोटी किंवा अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. हे काम कोणत्या प्रकारचे असावे, हे कायद्याच्या सातव्या अनुसूचीत दिले आहे. तिथे ‘आर्थिक साक्षरता’ असा स्वतंत्र विषय शोधत बसण्याचे कारण नाही. शिक्षण आणि उपजीविकेत वाढ, महिलांचे सक्षमीकरण, ग्रामविकास हे विषय अनुसूचीत आहेत आणि आपला कार्यक्रम यांपैकी कशात बसतो ते प्रस्तावात स्पष्ट लिहिले की पुरते. अनुसूचीतील विषयांचा अर्थ उदारपणे लावावा, असे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने 18 जून 2014 च्या परिपत्रकात सांगितलेले आहे. त्या परिपत्रकाची प्रत प्रस्तावाला जोडावी, म्हणजे कंपनीच्या अधिकाऱ्यांनाही संचालक मंडळापुढे विषय मांडणे सोपे जाते.

दुसऱ्या शंकेबाबत मात्र थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण या गैरसमजामुळे अनेक चांगले कार्यक्रम सुरुवातीपासूनच लंगडे होतात. नियमांतील पाच टक्क्यांची मर्यादा ही कंपनीने स्वतःचा सीएसआर विभाग चालवण्यासाठी केलेल्या सर्वसाधारण खर्चाला लागू आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्या मर्यादेत मोजायचा नसतो, असे नियमातील व्याख्याच सांगते, आणि मंत्रालयाने ऑगस्ट 2021 मध्ये प्रश्नोत्तरांच्या स्वरूपात दिलेल्या खुलाशात अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेचा कामावरील खर्च म्हणजे कंपनीचा प्रशासकीय खर्च नव्हे, हे पुन्हा स्पष्ट केले आहे. शाळेच्या खर्चातून शिक्षकांचा पगार वगळला तर इमारतच उरते. आर्थिक साक्षरतेच्या वर्गाचेही तसेच आहे. येथे खरा खर्च माणसांचाच असतो. गावोगावी फिरणाऱ्या प्रशिक्षिकेचे मानधन, तिचा प्रवासखर्च, वर्गाच्या वेळी लहान मुलांना सांभाळणाऱ्या बाईंचे मानधन, नोंदी ठेवणाऱ्या कार्यकर्तीचा पगार या सर्व बाबी अंदाजपत्रकात ‘प्रकल्प खर्च’ म्हणून, प्रत्येकीपुढे ती कशासाठी आहे याचे एक वाक्य लिहून, संकोच न करता मांडाव्यात.

कागदपत्रांविषयी आपण विचारलेले नाही, तरीही सांगतो. आपली संस्था सार्वजनिक न्यास असल्याने 12अ आणि 80जी या नावांनी ओळखली जाणारी आयकराची नोंदणी चालू असणे, अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असणे आणि मंत्रालयाकडे सीएसआर-1 हा अर्ज भरून क्रमांक मिळवलेला असणे या तीन अटी अनिवार्य आहेत. सीएसआर-1 ची सक्ती 1 एप्रिल 2021 पासून आहे. महाराष्ट्रातील न्यासांचे घोडे मात्र बहुतेक वेळा यापैकी कशातच अडत नाही. ते धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अडते. विश्वस्त बदलले, पण चेंज रिपोर्ट (त्या बदलाची नोंद करण्याचा अर्ज) मंजूर झालेला नाही, त्यामुळे परिशिष्ट एकवर, म्हणजे न्यासाच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, दिवंगत विश्वस्तांची नावे तशीच आहेत आणि बँकेतील सह्या वेगळ्याच व्यक्तींच्या आहेत, असे चित्र कंपनीच्या तपासणीत दिसले की प्रस्ताव बाजूला पडतो. निधीची बोलणी सुरू करण्यापूर्वी हे काम मार्गी लावावे.

प्रश्न : आमच्या बचतगटाचे बँक खाते आहे, लेखापरीक्षणही होते. कंपनीचे अनुदान थेट गटाच्या खात्यावर घेता येईल का?
— एका गटाच्या अध्यक्षा, जि. बीड

उत्तर : नाही. सीएसआरचे काम कंपनीने स्वतः करावे किंवा कंपनी कायद्याच्या कलम 8 खालील ना-नफा कंपनी, नोंदणीकृत सार्वजनिक न्यास अथवा नोंदणीकृत सोसायटी यांच्यामार्फत करावे, असा नियम आहे, आणि अनौपचारिक गट यांपैकी कशातच मोडत नाही. एखाद्या पात्र संस्थेच्या प्रकल्पात आपला गट लाभार्थी म्हणून आणि आपल्यापैकी काही जणी मानधनावर प्रशिक्षिका म्हणून सहभागी होऊ शकतात. मात्र ‘पैसे आमच्या नावावर येतील, तुम्ही फक्त सह्या करा’ असे सांगणाऱ्या संस्थेला गटाचे नाव वापरू देऊ नये.

प्रश्न : मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो असून एका संस्थेचा सल्लागार आहे. आमच्या तालुक्यात महिलांना गटकर्ज देणाऱ्या एका वित्त कंपनीने आर्थिक साक्षरतेच्या वर्गांसाठी अनुदान देऊ केले आहे. वर्गात त्यांचा प्रतिनिधी दहा मिनिटे ‘योजनांची माहिती’ देईल आणि उपस्थित महिलांची यादी मोबाइल क्रमांकांसह त्यांना द्यावी, एवढ्याच त्यांच्या अटी आहेत. संस्थेला पैशांची गरज आहे. अनुदान घ्यावे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : या दोन अटींसह घेऊ नये. त्या अटी काढून टाकण्यास कंपनी तयार असेल, तर जरूर घ्यावे.

प्रथम नियम पाहू. कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम, तसेच स्वतःच्या उत्पादनांची किंवा सेवांची जाहिरात साधण्यासाठी केलेले प्रायोजकत्व सीएसआर म्हणून धरता येत नाही, असे सीएसआर नियमांच्या व्याख्येतच म्हटले आहे. कर्ज देणाऱ्या कंपनीने कर्जदार होऊ शकणाऱ्या महिलांच्या वर्गात येऊन कर्जाची माहिती द्यायची आणि त्यांचे क्रमांक घेऊन जायचे, याला दुसरे काही म्हणता येणार नाही. उद्या हिशेब तपासणीत हा खर्च नाकारला गेला तर अडचण कंपनीची होईल, पण गावात नाव मात्र आपल्या संस्थेचे खराब होईल.

नियमापेक्षाही महत्त्वाचे कारण वर्गात काय शिकवले जाते यात आहे. एक उदाहरण देतो. कोणत्याही वर्गात ते खडूने जमिनीवर बारा चौकोन आखून करून दाखवता येते. दहा हजार रुपयांचे कर्ज बारा महिन्यांत फेडायचे आहे. बाहेरचा सावकार म्हणतो, ‘शेकडा एक रुपया महिना’, आणि पूर्ण दहा हजारांवर वर्षभर व्याज धरतो. म्हणजे व्याज 1,200 रुपये. बचतगट म्हणतो, ‘शेकडा दोन रुपये’, पण व्याज फक्त उरलेल्या मुद्दलावर. आता प्रत्येक चौकोनात त्या महिन्याच्या सुरुवातीला शिल्लक असलेले मुद्दल लिहा : 10,000, नंतर सुमारे 9,167, मग 8,333, असे करत शेवटच्या चौकोनात 833. या बारा आकड्यांची बेरीज 65,000 होते आणि तिच्यावर शेकडा दोन म्हणजे 1,300 रुपये. निम्म्या दराचे वाटणारे कर्ज आणि दुप्पट दराचे वाटणारे कर्ज यांच्यात संपूर्ण वर्षात फक्त शंभर रुपयांचा फरक निघतो. सावकाराने सुरुवातीलाच ‘फाइल खर्च’ म्हणून तीनशे रुपये कापून घेतले असतील, तर गटाचे कर्जच स्वस्त ठरते. सपाट दराने सांगितलेले ते ‘बारा टक्के’ घटत्या शिलकीच्या हिशेबाने वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातात. बेरीज पूर्ण झाल्यावर महिला आपापल्या घरातील कर्जाची कार्डे काढून विचारू लागतात, आणि खरा वर्ग तिथून पुढे सुरू होतो.

हा हिशेब झाल्यावर पुढच्या दहा मिनिटांत अनुदान देणाऱ्याच कंपनीचा प्रतिनिधी उभा राहणार असेल, तर प्रशिक्षिकेला तो हिशेब मोकळेपणाने मांडता येईल का, एवढाच प्रश्न आपण विश्वस्तांना विचारावा. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये सूक्ष्मवित्त कर्जांसाठी लागू केलेल्या निर्देशांनुसार वार्षिक तीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज सूक्ष्मवित्तात मोडते. अशा कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मिळून मासिक हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त असू नयेत. कर्जाची माहिती देणारे पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावे लागते. आणि मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास दंड आकारता येत नाही. या चारही गोष्टी वर्गात सांगितल्याच पाहिजेत. वित्त कंपनीविरुद्ध तक्रार कुठे करायची, हेही सांगितले पाहिजे : आधी कंपनीकडे, आणि तीस दिवसांत उत्तर न मिळाल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. लोकपालाकडील तक्रारींची एकात्मिक योजना नोव्हेंबर 2021 पासून सुरू आहे आणि 14448 या क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. ज्या वर्गात अनुदान देणाऱ्याविरुद्ध तक्रार कशी करावी हे शिकवता येत नाही, तो वर्ग माझ्या मते साक्षरतेचा नव्हे.

म्हणून करारनाम्यात पुढील बाबी स्पष्ट लिहून घ्याव्यात. अभ्यासक्रम आणि प्रशिक्षिका यांची निवड संस्था करील. वर्गाच्या ठिकाणी आणि वेळी कोणत्याही योजनेचे अर्ज, आधारच्या प्रती किंवा अंगठे घेतले जाणार नाहीत. महिलांची नावे व क्रमांक कंपनीला दिले जाणार नाहीत. अहवालात केवळ एकत्रित आकडे असतील. कंपनीचे नाव साहित्याच्या मागील बाजूस ‘अर्थसाहाय्य’ म्हणून छापण्यास हरकत नाही. नेटाने काम करू पाहणारी कंपनी या अटी मान्य करते, कारण त्यांमुळे तिचा खर्चही नियमात राहतो. आपण बँकेत काम केलेले असल्याने हा करार वाचून दाखवण्याची जबाबदारी आपणच घ्यावी, अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : मी एका उत्पादन कंपनीच्या सीएसआर विभागात काम करते. आम्ही दोन वर्षे आर्थिक साक्षरतेच्या कार्यक्रमाला निधी देत आहोत. संस्थेकडून उपस्थितीचे आकडे, प्रमाणपत्रे आणि छायाचित्रे येतात. संचालक मंडळ विचारते की याचा उपयोग काय झाला. कसे मोजावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : संचालक मंडळाचा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर छायाचित्रांतून मिळणार नाही, हे आपणही जाणता. कायद्याने सक्तीचे प्रभाव मूल्यमापन फक्त मोठ्यांसाठी आहे. मागील तीन वर्षांत सीएसआरचे सरासरी दायित्व दहा कोटी रुपये किंवा अधिक असलेल्या कंपन्यांना, एक कोटी किंवा अधिक खर्चाच्या आणि पूर्ण होऊन किमान एक वर्ष झालेल्या प्रकल्पांसाठी, ते स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यावे लागते. आपली कंपनी या मर्यादेत येत नसली, तरी त्यातील एक वर्षाची अट मुद्दाम पाहावी. वर्ग संपल्याच्या दिवशी घेतलेली चाचणी स्मरणशक्ती मोजते. सवय बदलली की नाही, हे काही महिने गेल्यावरच कळते.

राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राने 2019 मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत 27 टक्के प्रौढ आर्थिकदृष्ट्या साक्षर आढळले. त्या पाहणीत ज्ञान, वृत्ती आणि वर्तन या तीन बाजू तपासल्या गेल्या. गावपातळीवरच्या कार्यक्रमाने यांपैकी वर्तनावर भर द्यावा, आणि त्यासाठी सर्वेक्षणाच्या जाड प्रश्नावलीपेक्षा पासबुक जास्त उपयोगी पडते. वर्गात येणाऱ्या महिलेचे पासबुक तिच्या संमतीने तिच्यासोबत वाचावे. तिथे मे-जूनच्या सुमारास 436 रुपये आणि 20 रुपये अशा दोन वजावटी दिसल्या, तर त्या जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा योजनांच्या वार्षिक हप्त्याच्या आहेत; दोन्हींत दोन लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, जीवन ज्योतीत कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास आणि सुरक्षा विम्यात अपघात झाल्यास. खातेधारकाला किंवा घरातील कोणालाच ही वजावट कशाची ते माहीत नसल्यामुळे दावा न करणारी कुटुंबे असतात. वर्गानंतर सहा महिन्यांनी विचारावे : घरातील दुसऱ्या कोणाला या विम्याची माहिती आहे का, खात्याला वारसाचे नाव लावले आहे का, पैसे काढायला ती स्वतः जाते की एटीएम कार्ड अजून दुसऱ्याच्या खिशात आहे, खासगी सावकाराकडून घेतलेल्या कर्जांची संख्या कमी झाली का, फसवणुकीचा फोन आला तर 1930 वर तक्रार करायची हे तिला आठवते का. असे पाच-सहा प्रश्न पुरेसे आहेत, पण ते वर्ग सुरू होण्यापूर्वीही विचारलेले असले पाहिजेत, अन्यथा तुलना कशाशी करणार?

यासाठी कंपनीलाही आपली पद्धत बदलावी लागेल. जानेवारीत निधी मंजूर करून मार्चअखेर तो खर्च करण्याचा आग्रह धरला, की संस्थेपुढे मोठमोठे मेळावे भरवण्याखेरीज पर्याय उरत नाही. मेळाव्याला हजार महिला येतात आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्यापैकी कोणालाही काही आठवत नाही. संस्थेच्या खात्यावर रक्कम वर्ग केली म्हणजे ती खर्च झाली, असेही नाही. संस्थेने ती प्रत्यक्ष वापरल्यावरच खर्च धरला जातो, हे मंत्रालयाने स्पष्ट केले आहे. कायद्यात ‘चालू प्रकल्प’ अशी तरतूद आहे. सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत असा प्रकल्प चालवता येतो, आणि त्या वर्षी न वापरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत स्वतंत्र ‘अखर्चित सीएसआर खात्यात’ ठेवून पुढील तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. आर्थिक साक्षरतेच्या कामाला ही तरतूद अगदी योग्य आहे. आपण मंडळापुढे पहिली मागणी हीच ठेवावी.

प्रश्न : रिझर्व्ह बँक, नाबार्ड, अग्रणी बँका हे काम करतातच. मग कंपन्यांच्या पैशांची गरज काय? आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांना व्याजाचे गणित शिकवणे खरोखर शक्य आहे का?
— एक निवृत्त शिक्षक, जि. लातूर

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते आपल्याच राज्यात दिले गेलेले आहे. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने महिलांनी सहकारी बँक काढण्यासाठी अर्ज केला, तेव्हा प्रवर्तक महिलांना लिहिता-वाचता येत नाही या कारणाने रिझर्व्ह बँकेने तो नाकारला. महिलांनी अक्षरे शिकण्यास सुरुवात केली आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढे जाऊन सांगितले की व्याजाचा तोंडी हिशेब आम्हांला विचारा आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही विचारा. माणदेशी महिला सहकारी बँक 1997 मध्ये सुरू झाली. आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला तोंडी हिशेब पक्का येत असतो. तिला अडचण येते ती छापील कागद, दराची मांडणी आणि बँकेतील खिडकीपुढे उभे राहण्याच्या संकोचामुळे. शिकवायचे ते तेवढेच, आणि ते चित्रांनी, नाण्यांनी, खडूच्या चौकोनांनी शिकवता येते. आपल्यासारख्या शिक्षकांना याचा अधिक अनुभव असेल.

आता पहिला प्रश्न. शासकीय आणि बँकांची यंत्रणा मोठी आहे. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये सहा स्वयंसेवी संस्थांना बरोबर घेऊन 100 तालुक्यांत वित्तीय साक्षरता केंद्रे प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली आणि नंतर त्यांचा विस्तार केला. दरवर्षी वित्तीय साक्षरता सप्ताह होतो. तरीही एका केंद्राच्या वाट्याला सरासरी तीन तालुके येतात. त्या मोजक्या माणसांनी एकाच वस्तीत महिनोन्‌महिने परत परत जावे, मजुरी बुडू नये म्हणून रात्री आठला वर्ग घ्यावा, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या मागे कारखान्याच्या तळावर जावे, बंजारा किंवा भिल्ली बोलीत साहित्य तयार करावे, अशी अपेक्षा त्या व्यवस्थेकडून करणे न्याय्य ठरणार नाही. कंपनीचा पैसा येथे वापरला पाहिजे. म्हसवडच्याच माणदेशी फाउंडेशनने 2006 मध्ये ग्रामीण महिलांसाठी सुरू केलेल्या व्यवसायशाळेला एचएसबीसी बँकेचे अर्थसाहाय्य मिळाले आणि पुढे ही शाळा बसमध्ये बसवून गावोगावी नेण्यात आली. वर्गात येणे ज्यांना जमत नाही त्यांच्या दारात वर्ग नेण्याचा खर्च शासकीय चौकटीत सहज बसत नाही; अनुदानात तो बसवता येतो.

मात्र शासकीय यंत्रणेला वगळून चालणार नाही, कारण कंपनीचा निधी कधीतरी संपतो. कार्यक्रमाच्या पहिल्या तिमाहीतच अग्रणी बँकेच्या जिल्हा व्यवस्थापकांना भेटून वर्गांचे वेळापत्रक त्यांच्या जिल्हा आराखड्याशी जुळवून घ्यावे. ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या प्रभागसंघांतील आणि महिला आर्थिक विकास महामंडळाच्या लोकसंचालित साधन केंद्रांतील महिलांना प्रशिक्षिका म्हणून तयार करावे, म्हणजे निधी थांबल्यावरही शिकवणारी बाई गावातच राहते. शेवटच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात नवीन गावे न घेता जुन्याच गावांत या महिलांना स्वतंत्रपणे वर्ग घेऊ द्यावेत आणि संस्थेच्या कार्यकर्तीने केवळ मागे बसून पाहावे, एवढी तरतूद प्रस्तावातच लिहिलेली असावी. आपल्या लातूरमध्ये असा कार्यक्रम सुरू होणार असेल, तर निवृत्त शिक्षकांनी या प्रशिक्षिकांचे पहिले काही वर्ग बसून ऐकावेत आणि नंतर त्यांच्याशी बोलावे. त्यासाठी अनुदानाची वाट पाहण्याची आवश्यकता नाही.